विमलअक्का आणि घरचं एरंडेल

परवा जळगावात मोहनशेठच्या तेलाच्या दुकानापुढून लोडिंग रिक्षा काढत होतो, अन् एकदम ब्रेक दाबला. मागचा मोटरसायकलवाला माझ्या फळीवर आपटला आणि माझ्या घराण्याचा उद्धार करायला लागला. मी म्हटलं, "कर भाऊ, पण जरा हळू कर. मले समोर पाहू दे."

समोर दुकानात, तेलाच्या डब्यांच्या वर, विमलअक्कांचा फोटो टांगला होता. चंदनाचा हार, खाली बारका लाल बल्ब. आणि त्याखाली रंगीत पाटी: 'अक्कांच्या विश्वासाचं शुद्ध एरंडेल'.

मला वाचायला वेळ लागतो. शाळा मी दुसरीतच सोडली. मास्तर म्हणाले होते, "भिकन, तू सोडलीस हे बरं झालं, नाहीतर मलाच सोडावी लागली असती." पण ही पाटी मी एका दमात वाचली, आणि डोक्यात सणक गेली.

फोटोत अक्का हसत होत्या. इतकी वर्षं मी त्यांच्या मागंपुढं केलं, त्यांना हसताना कधी पाहिलं नाही. कुणाच्या तरी लग्नातल्या फोटोतून त्यांना कापून काढलेलं होतं, खांद्यावर दुसऱ्याच कुणाची तरी बोटं राहून गेली होती. डोळ्यांवर ऊन आलं असेल. उन्हात डोळे बारीक केले की माणूस हसल्यासारखा दिसतो. तेवढ्यावर त्या मोहनशेठनं आपला धंदा टांगला. ज्या तेलानं या बाईला घराबाहेर काढलं, त्याच तेलावर तिचा फोटो.

आत जाऊन चार शब्द सुनवावे असं वाटलं. पण माझं तोंड पांचटपणाला तेवढं उघडतं, कामाच्या वेळी त्याला कुलूप लागतं. रिक्षा पुढं काढली. आता इथं बसून बोलतो.

अक्का म्हणजे मोहनशेठची थोरली बहीण. लग्न केलं नाही. वडील गेल्यापासून भावाबरोबर दुकानात बसायच्या. अंगानं काडी, आवाज मात्र पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा. त्यांचा राग सगळ्या बाजाराला ठाऊक होता, पण त्याची रीत फक्त जवळच्यांना कळायची. चांगल्या असल्या की मला "अरे भिकन" म्हणायच्या, "गाढवा"सुद्धा म्हणायच्या. राग आला की "भिकनराव". फारच आला की "भिकनराव, आपण जरा बाजूला होता का?" आदर वाढला की समजायचं, आता पळायला पाहिजे. हे मला कळायला वर्ष लागलं. तोवर मी घरी बायकोला सांगत होतो, "दुकानात माझा मान वाढला."

पहिल्यांदा त्यांनी मला भाड्यानं बोलावलं तेव्हा दुकानाच्या वरच्या खोलीतून एक विमान खाली आणलं. माझ्या दोन हातांत मावणार नाही एवढे पंख, नाकाला मुठीएवढं इंजिन, पुढं पंखा. मी विचारलं, "अक्का, गणपतीच्या आराशीचं का?"

"भिकनराव, हे उडतं."

मी छाती फुगवून रिक्षा चालू केली.

कॉलेजात असताना त्यांना कुणी सरांनी हे शिकवलं होतं. तेव्हापासून त्या वरच्या खोलीत हलक्या लाकडाच्या पट्ट्या चिकटवत, कागद ताणत बसायच्या. ती खोली म्हणजे त्यांचं सगळं. खाली दुकान भावाचं, मागं संसार भावाचा, आणि वरची एवढी दहा पावलांची खोली त्यांची. दिवाळीच्या पाडव्याला मोहनशेठनं सगळ्या घरादारासमोर तीच खोली मागितली. त्याला डबे ठेवायला जागा पाहिजे होती. अक्का चिडल्या. तो हसला आणि म्हणाला, "विमल, तुझं विमान तुझ्यासारखंच, जमिनीवर मोठा आवाज आणि वर गेलं की गप्प. एकदा भरलेली टाकी संपेपर्यंत हवेत ठेवून दाखव. खोली तुझी, पुन्हा नाव काढणार नाही. नाही जमलं, तर होळीला खोलीत माल लागेल."

थोरल्या बहिणीला तो नावानं हाक मारायचा, एवढं सांगितलं म्हणजे पुरे.

ही पैज त्यानं उगीच नव्हती लावली. विमान खरंच वर जाऊन बंद पडत होतं. जमिनीवर इंजिन असं गाजायचं की नशिराबादपर्यंत कुत्री उठायची. वर गेलं, दोन-चार चकरा मारल्या, की आवाज बदलायचा. आधी दमेकऱ्यासारखं खोकायचं, मग गप्प. मग अक्का हातातल्या रिमोटवर विमान तरंगत तरंगत खाली आणायच्या आणि ते कुणाच्या तरी हरभऱ्यात उतरायचं. आणायला मी. एकदा शेतकरी काठी घेऊन आला. मी म्हटलं, "आबा, मी पायलट नाही, मी हमाल." तो म्हणाला, "मंग पायलटले बलाव." मी अक्कांकडं बोट केलं. त्यांचा चेहरा पाहून काठी घेऊन आलेला माणूस काठी टेकत परत गेला.

हे सगळं नशिराबादच्या पुढं, हायवेपासून आत, एका पडीक शेतात चालायचं. तिथं अक्कांचं एक वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की झोपेत म्हणायचो. इंजिन जमिनीवर मस्त फिरतंय, मी खूश होऊन म्हणायचो, "अक्का, झालं की नीट." त्या इंजिनावरची नजर न काढता म्हणायच्या, "जमिनीवर सगळेच चालतात, भिकन."

हे त्या सगळ्यांना लावायच्या. नव्या नगरसेवकाला, भाचीच्या नव्या नवऱ्याला, माझ्या रिक्षाला. मी एकदा माझ्या संसाराबद्दल विचारलं. "तुझा जमिनीवरपण चालत नाही," म्हणाल्या.

इंजिनाचा रोग शोधायला त्या बसल्या की बाकी जग मेलं. आधी प्लग बदलला. मग इंधनाची सुई. इंजिनाच्या बाजूला एक बारकी सुई असते, ती फिरवली की इंधन कमी-जास्त होतं. जमिनीवर ठीक वाटलं तरी विमान वर चढताना इंजिनाला जास्त लागतं, म्हणून त्या मला विमान दोन्ही हातांनी धरून नाक आभाळाकडं करायला लावायच्या. इंजिन चालू, पंखा माझ्या तोंडापुढं गरगर फिरतोय आणि मी देवाचं नाव घेतोय. "वर धर. अजून वर." त्या कान तिरका करून ऐकायच्या. आणि ते इंजिन न जळलेलं सगळं एरंडेल माझ्या तोंडावर थुंकायचं. त्या इंधनात स्पिरिट असतं आणि एरंडेल, दुसरं काही नाही. घरी गेलो की बायको लांबूनच म्हणायची, "आज पोट साफ की शर्ट?"

सुईनं भागलं नाही, मग टाकीतली नळी. टाकीत एक मऊ नळी असते, टोकाला वजन बांधलेली, म्हणजे विमान कसंही फिरलं तरी तोंड इंधनात राहतं. तिला भोक असेल तर हवा ओढते. अक्कांनी नळी पाण्याच्या बादलीत बुडवली आणि दुसरं टोक मला दिलं. "फुंक." मी फुंकलं. बुडबुडे आले. अक्कांचे डोळे चमकले. मग त्यांनी जवळ येऊन पाहिलं. "भिकनराव, आपण नळी दातानं चावली आहे." नवी नळी आली. ती मला दिली नाही.

मग टाकीखाली स्पंज घातला, थरथरीनं फेस होऊ नये म्हणून. तरी विमान हरभऱ्यात.

होळी जवळ येत चालली. अक्का बारीक झाल्या. दुकानात गिऱ्हाईकावर खेकसायच्या. त्याच दिवसांत चोपड्याकडची एक बाई डोक्यावर गाठोडं घेऊन आली. आमच्याकडं वर्षाची तूरडाळ भरताना तिला एरंडेल चोळतात, कीड लागत नाही. वडलांच्या काळापासून लांबलांबच्या बाया याच दुकानातून एरंडेल न्यायच्या. बाईनं गाठोडं सोडलं, मूठभर डाळ पुढं केली. "अक्का, वास ल्या. बठ्ठी दाय खवट व्हई गयी. तुमना तेलमा काय शे?"

अक्कांनी वास घेतला नाही. "बाई, आपण डबा धुतला नसेल."

"धुयेल व्हता. उन्हमा वाळाडेल व्हता."

"आमच्या घरात वडलांपासून एरंडेल विकतात. तेलाला नावं ठेवू नका. डबा धुवा."

बाई गाठोडं बांधून निघून गेली. ती वळली तेव्हा मी दुकानात डबे उतरवत होतो, मला तिचा चेहरा दिसला. तिला चीड आलेली नव्हती. तिला सवय होती. मला तेव्हा काहीच वाटलं नाही. उलट घरी येऊन बायकोला म्हटलं, "तू पण डबा धूत जा, आपलीपण डाळ वास मारते." बायकोनं ती डाळ मला वर्षभर वाढली. बरोबर केलं.

रोग सापडला तो माझ्या मूर्खपणानं. अक्कांचं इंधन पत्र्याच्या डब्यात असायचं. निघायच्या आधी खडखड हलवायच्या, पंपानं टाकीत भरायच्या. एक दिवस शेतात तो डबा तळाशी गळायला लागला. अक्का ओरडल्या, "कशात तरी काढ." माझ्या सीटखाली एक काचेची बाटली होती. ती कसली होती आणि रिकामी कशी झाली होती, हे विचारू नका, अक्कांनीपण विचारलं नाही. ओठ घट्ट मिटले फक्त. मी बाटली धुऊन, पुसून इंधन त्यात ओतलं आणि रिक्षाच्या सावलीत ठेवलं.

विमान उडालं, खोकलं, उतरलं. मी हरभऱ्यातून ते घेऊन आलो तर बाटलीत दोन थर. वर पाण्यासारखं नितळ. खाली दोन बोटं पिवळं, जड.

मला वाटलं, मेलो. बाटलीत आधीचं काहीतरी राहिलं आणि अक्कांचं इंधन नासलं. मी बाटली पाठीमागं लपवली. अर्थात नीट लपवता आली नाही.

"भिकनराव, हातात काय आहे?"

दिली. त्यांनी ती उन्हाकडं धरली. हलवली, पुन्हा गढूळ झालं. खाली ठेवली आणि समोर उकिडव्या बसल्या. पिवळं हळूहळू तळाला बसायला लागलं. त्या बघत राहिल्या. शिव्या येतील म्हणून मी तयार उभा होतो. शिव्या आल्या नाहीत.

"भिकन, गावात जा. दुसऱ्या कुठल्याही दुकानातून एरंडेल आण. आमच्या नाही."

"दुसऱ्या?" मी म्हटलं. या बाईनं घरात दुसऱ्या दुकानाची काडेपेटी आणली नव्हती.

"जा."

आणलं. चोराचा माल असल्यासारखं सदऱ्यात घालून आणलं. त्यांनी दुसऱ्या बाटलीत तेच स्पिरिट घेतलं, त्यात ते तेल ओतलं, हलवलं, ठेवलं. काही झालं नाही. नितळ राहिलं. तुम्ही कितीही वेळ बघा, नितळ. अक्का मला नाही, त्या बाटलीला सांगितल्यासारखं म्हणाल्या, "खरं एरंडेल स्पिरिटात विरघळतं. दुसरं कुठलंही गोडं तेल विरघळत नाही. ते तळाला बसतं. उडताना नळीचं तोंड त्या तळाच्या तेलात जातं, आणि इंजिन गुदमरतं."

मला हळूहळू कळलं, घरच्या तेलात भेसळ होती.

"मी प्लग बदलला," अक्का म्हणाल्या. "सुई फिरवली. नळी बदलली. तुझे दात तपासले. तेल नाही तपासलं. घरचं आहे म्हणून. इंजिन मला सांगत होतं आणि मी त्यालाच शिव्या देत होते."

होळीच्या आदल्या दिवशी मोहनशेठला त्यांनी शेतात बोलावलं. तो पांढरे बूट घालून आला, सोबत दोन मित्र, मजा बघायला. अक्कांनी दुसऱ्या दुकानाचं तेल घालून टाकी भरली. मी विमान धरलं, नाक वर केलं, तोंडावर एरंडेल घेतलं, सोडलं.

ते वर गेलं. चकरा मारल्या. खोकायची वेळ आली. खोकलं नाही. मोहनशेठनं मोबाईल खिशात ठेवला आणि वर पाहायला लागला. विमान गोल गोल फिरत राहिलं, आवाज एकसारखा, शिलाई मशीनसारखा. किती वेळ गेला कोण जाणे. शेवटी टाकी संपली, इंजिन थांबलं, आणि अक्कांनी ते अलगद पडीक शेतातच उतरवलं. हरभऱ्यात जायची वेळ आली नाही. मी नाचलो. धोतर असतं तर सुटलं असतं, पँट होती तरी सुटत होती.

मोहनशेठनं टाळ्या वाजवल्या. "जिंकलीस विमल. खोली तुझी."

"मोहनशेठ," अक्का म्हणाल्या.

त्यांनी भावाला शेठ म्हटलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. मी दोन पावलं मागं सरलो.

"आपण विचारलं नाही, आजच कसं उडालं."

"तू दुरुस्त केलंस."

अक्कांनी पिशवीतून दोन बाटल्या काढल्या आणि रिक्षाच्या फळीवर ठेवल्या. एक नितळ. एकीत दोन थर. "हे बाजारातलं. हे आपलं. खाली काय आहे आपल्यात?"

त्यानं बाटलीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "याला आधी जाऊ दे."

"तो थांबेल. आपले डबे तोच उचलतो. खाली काय आहे?"

"सरकीचं आहे. विष आहे का? लोक भजी तळतात त्यात. सगळेच करतात."

"आपल्याकडून बाळंतिणीला एरंडेल नेतात. त्या भजी तळतात का?"

मित्रांनी मान खाली घातली. मोहनशेठ आवाज खाली आणून म्हणाला, "अक्का," आणि तो पहिल्यांदाच अक्का म्हणाला, "वरचा सगळा मजला घे. दुसरं इंजिन आण, परदेशातून आण, मी आणून देतो. पण या बाटल्या इथंच फोड."

अक्कांनी बाटल्या पिशवीत घातल्या. "भिकन, दुकानात चल."

त्याच दुपारी त्या दोन बाटल्या दुकानाच्या काउंटरवर उभ्या राहिल्या. एरंडेल मागायला येईल त्या बाईला अक्का दाखवायच्या. "हे शुद्ध. हे आमचं. विचार करून घ्या." मोहनशेठनं अर्धं शटर ओढलं. संध्याकाळपर्यंत घर पाहुण्यांनी भरलं. चुलते आले, मावशा आल्या, कुणी म्हणालं डोक्याच्या डॉक्टरला दाखवा, एकट्या बाईचं असं होतं. मी ओट्यावर बसून ऐकत होतो. अजून आठवलं की कानशिलं तापतात. एवढ्या माणसांत एकानंही मोहनशेठला विचारलं नाही, तू असं का केलंस. सगळ्यांनी अक्कांनाच विचारलं, तू असं का बोललीस.

होळी गेली, धुळवड आली. रंगाच्या गर्दीतून अक्का मला चोपड्याकडं घेऊन गेल्या. गाठोडं घेऊन आलेल्या त्या बाईचं घर विचारत विचारत शोधलं. रिक्षात नव्या तूरडाळीचं पोतं होतं, दुसऱ्या दुकानाचं एरंडेल त्यांनी स्वतः चोळलेलं. बाई घाबरली. "बसा ना अक्का, च्या करस."

"मी बसायला आले नाही," अक्का उंबऱ्याबाहेरून म्हणाल्या. "मी म्हणाले होते डबा धुतला नसेल. डबा धुतलेला होता."

एवढंच. पोतं मी आत नेलं. परतीच्या वाटेवर मी विनोद केला, काय केला आठवत नाही. "भिकनराव, गप्प बसा," म्हणाल्या. तो राग माझ्यावर नव्हता. स्वतःवर होता. स्वतःवर चिडल्यावरही त्यांना माणूस मीच सापडायचा.

वरची खोली त्यांनी स्वतःच रिकामी केली. धुळ्यात कॉलेजच्या वेळची एक मैत्रीण होती, तिच्या घरामागं पत्र्याची एक खोली मिळाली. पंख, लाकडाच्या पट्ट्या, इंजिन, सगळं माझ्या रिक्षात. मोहनशेठ वरच्या खिडकीतून बघत होता. त्यानंतर त्या दुकानाचं भाडं मला कधी मिळालं नाही, पण ते मला तेव्हाच समजलं होतं म्हणून मी निघताना हॉर्न जास्त वाजवला. एरंडोल गेलं, पारोळा गेलं. विमान अक्कांच्या मांडीवर, एखाद्याचं तापलेलं लेकरू धरावं तसं.

दोन वर्षांनी धुळ्यातच त्या गेल्या. मला कळलं तेव्हा सगळं आटोपलेलं होतं. आता मोहनशेठच्या दुकानात त्यांचा फोटो आहे. आणि बाया त्या फोटोकडं बघून तेल नेतात. काचेची बाटली कुणी मागत नाही.

मला मात्र त्या दिवशी धुळ्यात उतरवल्या तशाच दिसतात. सामान आत ठेवलं. मी म्हटलं, "अक्का, दमला असाल, बसा." त्यांनी ऐकलं नाही. अंगणात विमान ठेवलं, टाकी भरली, इंजिन चालू केलं. मैत्रिणीच्या शेजारचे गच्चीवर आले, कुणीतरी ओरडलं, काय गोंगाट शे. अक्कांनी वर पाहिलंसुद्धा नाही.

"धर."

मी विमान उचललं, नाक आभाळाकडं केलं. पंखा तोंडापुढं, गरम एरंडेल भुवयांवर, ओठांवर. अक्का कान तिरका करून उभ्या. कपाळावर आठी तशीच, घरून निघताना होती तशी. इंजिन एकसारखं चाललं होतं.

"अक्का, नीट चाललंय की," मी ओरडलो.

"वर धर, गाढवा," त्या म्हणाल्या. "अजून वर."